ज्याचा गॅस त्याले

९ एप्रिल

मशीन आणली. नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत, दोन कुलर आणि कोणातरी आजीचा पापडाचा डबा यांच्या मधे बसून ती आरामात आली, मी मात्र निम्मा रस्ता उभ्याने आलो. दुकानात ठेवली. दिगूने तिच्याभोवती एक फेरी मारली, चपलेच्या टोकाने हळूच ढोसून पाहिलं आणि चहा सांगितला. एकच, स्वतःपुरता.

दिगू म्हणजे दिगांबर राठोड, माझा भागीदार. एकाच उस्तादाच्या शिव्या खाऊन दोघं शिकलो. दुकान काढलं तेव्हा पाटीवर पहिलं नाव कोणाचं यावर इतकं भांडलो की शेवटी पाटीवर नुसतं 'एसी, फ्रीज, कुलर' आलं, आजही तेच आहे. हात दुखतो, यापुढे दि. लिहीन.

मशीनचं काम सोपं आहे. एसीतला, फ्रीजातला गॅस आजवर आम्ही नट ढिला करून हवेत सोडत होतो. आता ही मशीन तो ओढून सिलेंडरमध्ये भरणार. नागपूरच्या ट्रेनिंगवाल्या सरांनी शिकवलं, मी शिकलो, जुनी मशीन मिळाली, घेतली.

दि. चहा संपवून म्हणाला, "गॅस सोडाले पुसदची हवा कमी पडून राह्यली काय, रफिकभाई?"

 ही डायरी कृषी केंद्राने दिलेली आहे. आजच्या पानाच्या तळाशी लिहिलंय, 'अळी दिसताच उपाय करा.' अळीचा उपाय आहे, दि.चा नाही.

१० एप्रिल

सकाळी मशीनला लिंबू-मिरची बांधलेली. दि. म्हणतो, मशीनसाठी नाही, धंद्यासाठी. संध्याकाळी माझी बायको शाहीन डबा घेऊन आली, तिने दुआ पढून फुंकर मारली. मशीनची सोय दोन्हीकडून झाली, आता तिने चालावं.

१३ एप्रिल

पहिलं काम, वकीलसाहेबांचा एसी. मशीन लावली. उन्हाचा असा तडाखा की गच्चीवर पाना हातात धरवत नव्हता. थोडा गॅस आला, सिलेंडर तापला, दाब वाढला, मशीन बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. सरांनी सांगितलं होतं, सिलेंडर गार पाण्यात ठेवा. नागपूरच्या त्या हॉलमध्ये एसी होता, तिथे हे बोलणं सोपं होतं.

शेवटी वकीलसाहेबांच्या आईने नातवाला आंघोळ घालायचा टब दिला, बर्फही दिला. सिलेंडर टबात बसवला. दि. शेजारी उकिडवा बसून त्याच्यावर तांब्याने पाणी घालत होता आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात आजींना विचारत होता की साबण हाये काय. नातू आला, आपल्या टबात दुसरंच कोणी पाहून त्याने भोकाड पसरलं.

पण ओढला. सगळा ओढला, लिकेज काढलं, त्यांचाच गॅस परत भरला, एसी गार. मला फार बरं वाटलं. जेवढ्या वेळात हे झालं तेवढ्या वेळात दि.ने दोन एसी केले असते, असं दि.ने येताना सांगितलं. चौकात एकदा आणि दुकानात एकदा.

१६ एप्रिल

एक गोष्ट लक्षात आली. आपल्या गावाला आवाज लागतो. मेकॅनिक आला, नट ढिला केला, फुस्स झालं, पांढरा धूर उडाला, म्हणजे काम झालं. समोरच्या दुकानातला बबलू तर गिऱ्हाईकाला मागे सरकायला सांगतो, पोरांना घरात पाठवतो, मग सोडतो. लोक दिवाळीसारखे पाहतात. आमच्याकडे मशीन गुरगुरते, नळ्या हलतात, आणि काहीच उडत नाही. गिऱ्हाईक घड्याळ पाहतं, मग सिलेंडर पाहतं, मग माझ्याकडे पाहतं. ती नजर मला कळत नव्हती. आज कळली.

देवरावजींकडे गेलतो. शेतकरी माणूस, गावाबाहेर कपाशी आणि तूर, घरात दोन एसी. पोराचं लग्न आहे म्हणून नवरीच्या खोलीत नवा एसी आला, जुना चालू एसी काढून भंगारात चालला होता. त्यातला गॅस मी ओढला. सिलेंडर गाडीवर बांधायला घेतला तर देवरावजी दारात आडवे.

"हे कुठी घेऊन चाल्ले?"

सांगितलं की हा नागपूरला जाईल, साफ होईल.

"आमच्या घरचा गॅस?"

मग त्यांनी मला बाजेवर बसवलं, पन्हं दिलं आणि शाळेतल्या पोरासारखं समजावलं. घाणीवर जवस नेला तर तेलही आपलं, ढेपही आपली. पिठाच्या गिरणीत दळण नेलं तर कोंडाही आपला. बकरा कापला तर कातडं कोणाचं ते आधी ठरते. मंग एसी आमचा, तं गॅस कोनाचा?

मी दि.कडे पाहिलं, तो पन्ह्यात बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. मी म्हणालो, काकाजी, हा ठेवणार कशात? ते म्हणाले, कोठीत. पडला राहीन. उद्याच्याले काम पडते.

या उन्हात दाबाचा सिलेंडर कोठीत, ज्वारीच्या पोत्यांमागे.  सरांना फोन लावला, त्यांनी समजवावं म्हणून स्पीकरवर टाकला. सरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, सिलेंडर घरी ठेवू नका, पण तत्त्व त्यांचं बरोबर आहे. ओढलेला गॅस साफ न करता भरायचा तर त्याच मालकाच्या मशीनमध्ये भरावा, दुसऱ्याच्या नाही.

फोन ठेवला तर देवरावजी नुसते माझ्याकडे बघत होते.  बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यांच्या दुसऱ्या एसीत तोच गॅस चालतो आणि तो गळतच होता. गळती काढली, गॅस त्यात भरला. ढेप मालकाच्या घरी.

२० एप्रिल

देवरावजी पुसदला येऊन गेले. लग्नाच्या पत्रिका वाटता वाटता गावभर सांगितलं, मेकॅनिककून आपला गॅस मांगून घ्या, कायदा हाये.

२२ एप्रिल

कालपासून बबलूने त्यात तिखट टाकलं. रफिक लोकांचा गॅस चोरून नागपूरला विकते. दोन गिऱ्हाइकं काम चालू असताना मशीनसमोर खुर्ची टाकून बसली. रक्त तपासणीचा लॅबवाला म्हणाला, एक तर माझ्यासमोर परत भर, नाहीतर माझ्यासमोर सोड, पण तुझ्या सिलेंडरात नको. आपल्याला नाही तर कोणालाच नाही, हा हिशेब पटवून द्यायची त्याला गरज वाटली नाही.

औषध दुकानदाराने कमाल केली. त्याचा भंगारात गेलेला फ्रीज, दि.ने गॅस काढला, तर त्याने घरातून कुलूप आणून सिलेंडरच्या कडीला लावलं आणि किल्ली खिशात. आता तो सिलेंडर आमच्या दुकानात, कुलूप त्याचं, आत त्याच्या आधीच्या तिघांचाही गॅस. दि. म्हणाला, दुकान बंद करून लॉकर सुरू करू. मी हसलो नाही. मग हसलो.

दि. हसला नाही, हे नंतर लक्षात आलं.

२३ एप्रिल

दि. सरळ बोलला. सीझन आहे, लोक रांगेत आहेत, मशीन वेळ खाते, वरून नाव खराब होऊन राह्यलं. जिथं भंगार आहे तिथं तरी सोडून देऊ.

मी नाही म्हणालो. का, ते सांगितलं नाही. कारण त्याला माहीत आहे, आणि त्या विषयावर तो बोलत नाही.

म्हणून इथे लिहितो. मागच्या उन्हाळ्यात केळीवाल्याची थंड खोली. दि. आत, दार लोटलेलं, थंडावा जाऊ नये म्हणून. त्याने नेहमीसारखा नट ढिला केला आणि खाली बसून वाट पाहू लागला. मोठं मशीन, खूप गॅस. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, बसलेल्या माणसाच्या नाकाइतका वर यायला वेळ लागत नाही. मी पाइप आणायला गेलतो. आलो तर दि. केळीच्या क्रेटांमध्ये आडवा, डोळे अर्धे उघडे. श्वास धरून आत गेलो, पाय धरले, ओढला. उंबऱ्यावर त्याचं डोकं आपटलं, टेंगूळ आलं. बाहेर उन्हात टाकला, गालात मारल्या, तेव्हा खोकला.

शुद्धीवर येऊन पहिलं वाक्य, "उपास होता नं, म्हून घेरी आली." त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी कचोरी खाल्ली होती.

आजही तो उपासच म्हणतो. मी त्याला अर्धे डोळे उघडे असलेला पाहिलाय, त्याने स्वतःला पाहिलेलं नाही. मशीन का आणली, तर म्हणून आणली. ओझोन वगैरे सरांनी सांगितलं तेही खरं असेल. माझं कारण एवढंच.

२७ एप्रिल

चमत्कार. लोक निवळले. लॅबवाला रस्त्यात नमस्कार करून गेला. औषधवाला स्वतः येऊन कुलूप काढून गेला, वर म्हणाला की दिगूभाऊनं समजावलं. दि.ला विचारलं काय समजावलं. म्हणतो, तुह्यासारखं भाषण नाही देल्लं. मी मनात म्हटलं, चला, वळला गडी.

२ मे



लग्नाचा हॉल. जुने सगळे एसी काढून नवे लावायचे, आमचं सीझनचं सगळ्यात मोठं काम. दि. गच्चीवर लागला, मी कुल्फीवाल्याचा फ्रीज बघून दुपारी पोचलो. जिन्यातच आवाज आला. फुस्स. लांब, जोरदार, बबलूलाही लाजवेल असा. वर गेलो तर हॉलचा मालक, त्याचा मॅनेजर, मांडववाले सगळे ओळीने उभे, आणि दि. नळी हातात धरून हवेत सोडतोय.

माझं डोकं फिरलं. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या टाकीमागे होतं, ते मी पाहिलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "तुह्यावर भरोसा ठेवला, दिगू, थेच चुकलं."

दि.ने नळी बंद केली. हात पुसले. वाटलं काहीतरी बोलेल, शिवी तरी देईल. "बरं," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

मालकाला काय झालं कळलं नाही. तो मला म्हणाला, आवाज तर चांगला आला.

संध्याकाळी सामान उतरवताना सिलेंडर काट्यावर ठेवला. जड. हॉलच्या सगळ्या एसींचा गॅस आत, आणि पाऊण भरल्यावर थांबवलेला, उन्हात फुगायला जागा ठेवून, अगदी सरांनी सांगितल्यासारखा. मग टाकीमागचा सिलेंडर पाहिला. राखाडी, मान काळी. नायट्रोजन. गळती तपासायला आम्ही पाइपात भरतो तो, आपल्या हवेतलाच, गच्चीवर मोकळ्यात सोडला तर कोणाचं काही बिघडवत नाही. त्याच्या दाबाचा काटा खाली आलेला.

दि. गॅस सोडत नव्हता. गॅस काढून झाल्यावर लोकांसाठी नायट्रोजनचा आवाज करत होता.

शाहीनला सांगितलं, तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उसको जाके बोलो ना. मेरेको बोलके क्या?"

३ मे

दि. आला नाही. फोन उचलत नाही.

४ मे

दि. बबलूच्या दुकानात. बाकावर बसून उसाचा रस पीत होता. बबलूने माझ्याकडे पाहून हात हलवला. या माणसाने गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे बघून हात हलवलेला नाही.

५ मे

एकट्याने कुल्फीवाल्याचा डीप फ्रीजर उचलायला गेलो. एक कोपरा उचलला की दुसरा बसतो. कुल्फीवाला स्वतः हात लावेना, त्याची कंबर. रस्त्यावरच्या दोघांना बोलावलं, ते आले, त्यांनी आधी कुल्फी मागितली. काम होईपर्यंत बाकीचीही पाघळली, मग फेकण्यापेक्षा बरं म्हणून कुल्फीवाल्याने ती मला चारली. पोट बिघडलं. दि. असता तर त्याने दोन खाऊन एक घरी नेली असती आणि फ्रीजरही उचलला असता.

६ मे

लॅबमध्ये गेलो. भंगारातल्या फ्रीजरचा गॅस ओढला, नळ्या काढल्या. लॅबवाला उभाच. म्हणाला, "आवाज नाई केला?"

कोणता आवाज, विचारलं. तो म्हणाला, "दिगूभाऊ करते थो. आमाले माहीत हाये नं भाऊ का थो नुसता हवेचा हाये. त्यानंच सांगतलं. म्हने गॅस रफिकभाईच्या सिलेंडरात सुखरूप हाये, रफिकभाई गॅसले हात लावणारा मानूस नाही, पण तुमाले आवाज पाह्यजे तं घ्या आवाज."

म्हणजे औषधवाल्याकडेही हाच आवाज, वकीलसाहेबांच्या शेजाऱ्यांकडेही. गावभर माझं नाव धुऊन निघालं ते दि.च्या फुस्समुळे. आणि या गावात एकाच माणसाने दि.वर भरोसा ठेवला नाही, तो मी. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

लॅबवाल्याला आवाज करून दाखवला. म्हणाला, दिगूभाऊसारखा नाही.

८ मे

तांड्यावर गेलो. पुसदपासून शेंबाळपिंपरीच्या रस्त्याला दि.चं घर, आई आणि बायको-पोरं तिथे. दि. घरी नव्हता, बैल बघायला गेलता. याडी, म्हणजे दि.ची आई, अंगणात बसलेली. तिने पाणी दिलं, बस म्हणाली, आणि बाटी, म्हणजे भाकरी, थापायला चुलीकडे सरकली. मी वाट पाहत बसलो आणि मनात वाक्य जुळवत होतो.

दि. आला. मला पाहून थबकला. मग बैलाचं दावं उगाच दोनदा बांधलं.

जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. म्हणालो, दिगू, मी गाढव आहे, नळी कुठून येते ते पाहिलं नाही, सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोर माफी मागतो, पाहिजे तर हॉलवर चल. तो जमिनीकडे बघत होता. मला वाटलं तो ऐकत नाहीये, म्हणून मी आणखी बोललो. आणि तिथेच घोळ केला. म्हणालो, "माहं डोकं फिरलं कारन मले थो केळीच्या खोलीतला दिवस दिसला. तू मेला असता, दिगू. मी पाय धरून ओढलं नसतं तं मेला असता."

चुलीकडचा थापण्याचा आवाज थांबला.

याडी म्हणाली, "कोनत्या खोलीत?"

दि.ने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी बोलणं बंद करायला हवं होतं, पण तोपर्यंत काय राहिलं होतं. ते टेंगूळ काळीपिवळीच्या दाराला लागून आलं, असं त्याने आईला सांगितलं होतं. त्या काळीपिवळीच्या ड्रायव्हरला याडीने मागच्या उन्हाळ्यापासून शिव्या घातल्या, त्याच्या गाडीत बसायचं बंद केलं, अख्ख्या तांड्याला बसू दिलं नाही. तो बिचारा दुसऱ्या रस्त्याला गाडी लावायला लागला.

याडी उठली. पिठाचे हात तसेच. दि.समोर उभी राहिली, त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि चाचपलं, जणू टेंगूळ अजून असेल. केसांना पीठ लागलं. मग म्हणाली, उद्यापासून गॅसचं काम बंद. ना याच्याकडं, ना त्या बबलूकडं. शेत हाये.

दि. म्हणाला, याडी, तो उपास होता.

याडीने त्याच्या थोबाडीत मारली. पोरंबाळं असलेल्या माणसाच्या. मग मला म्हणाली, जेवून जा.

जेवलो. दि. शेजारी बसून जेवला. वांगं चांगलं झालं होतं. मी तेवढंच बोललो.

९ मे

दि.चा फोन नाही. मेसेज आला. एवढाच, "मायले कायले सांगतलं."

लिहिलं, "चुकून." त्यावर काही नाही. पण दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचलं.

बबलूकडेही तो गेला नाही. बबलूने मला येऊन विचारलं, दिगू कुठंय. पहिल्यांदा त्याच्यावर दया आली.

११ मे

सकाळी दुकान उघडलं तर समोर याडी उभी, मागे दि. पिशवी घेऊन. पहिल्या बसने आले. दि. माझ्याकडे न बघता म्हणाला की हिले मशीन पाह्यची हाये, म्हून आनली. मी आलो नाई कामाले.

कापड दुकानाचं काम होतं, तिथे तिघं गेलो. दुकानदाराने याडीला दाराबाहेर स्टूल दिलं, वरून साड्या दाखवायला सुरुवात केली. तिने हात हलवून बाजूला केलं आणि मशीनकडे तोंड करून बसली. परीक्षेला बाहेरून मास्तर यावेत तसा मी घाबरलो आणि नळ्या उलट्या लावल्या. दि. उन्हात उभा होता. एक मिनिट पाहिलं, मग पुढे आला, माझ्या हातातून पाना घेतला, नळ्या काढून सुलट्या लावल्या. मग बादलीत पाणी, पाण्यात बर्फ, सिलेंडर त्यात, खाली काटा. मी फक्त बटण दाबलं.

मशीन गुरगुरायला लागली. याडी विचारू लागली. कुठून येते? एसीतून. कुठी जाते? यात. भाहेर? भाहेर नाही. वास? नाही. काट्यावरचा आकडा वाढताना तिला दाखवला. तिला आकडे वाचता येत नाहीत पण बदलतात हे दिसलं, तिने मान हलवली. कापडवाला म्हणाला, आवाज नाही झाला. याडीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो कॅशवर जाऊन बसला.

मग मला म्हणाली, "कोनत्या पायाले धरलतं?"

दोन्ही, म्हणालो.

याडीने पदराने चेहरा पुसला, ऊनही होतं म्हणा. मग दि.ला ऐकू जाईल असं मलाच विचारलं, "त्या बबलूकडं अशी मशीन हाये?"

नाही.

"मंग तिथं हा पडला तं ओढन कोन?"

दि.च्या हातातला पाना थांबला. म्हणाला, "याडी, तुही बस निंगून जाईन." ती म्हणाली, बशी लय हाये. आणि स्टुलावर आणखी नीट बसली. शेतात जा, असं ती पुन्हा म्हणाली नाही. इथे ये, असंही म्हणाली नाही.

काम संपलं. दि.ने नळ्या पुसून गुंडाळल्या, सिलेंडर गाडीवर बांधला, दुकानात आणून सावलीत ठेवला. उद्याचं काही बोलला नाही. मी विचारलं नाही, हिंमत झाली नाही हे खरं. याडीला घेऊन स्टँडकडे गेला.

१२ मे

दुपार झाली, दि. आला नाही. फोनही नाही.

पण आत्ता लक्षात आलं. दुकानाची एक किल्ली माझ्याकडे, एक त्याच्याकडे असते. काल जाताना त्याने सगळं जागच्या जागी ठेवलं, पाने मोजून डब्यात टाकले, माझी पेनसुद्धा परत दिली. किल्ली दिली नाही.

शाहीन म्हणते, फोन करून विचारा. नाही विचारणार. विचारलं तर परत देईल.